गुळाची पेठ आणि काळजाचा विकार

शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत आमची अडत तीन पिढ्यांची. 1891 साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि 1895 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसवली. पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळांचा गूळ इथून देशभर जाऊ लागला.

आजा मला गुऱ्हाळावर न्यायचा. काहिलीतला रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालून मळी काढायची. पाक दाटला की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात सोडून बोटांत गोळी वळून बघायचा. गोळी जमली की काहील उतरवायची. जरा उशीर झाला तर आख्खं आधण करपायचं. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा व्हायचा आणि गुळाच्या रव्याचा टवका तोंडात टाकल्याशिवाय कुणी भाव बोलायचं नाही.

ही पेठ वसवणाऱ्या महाराजांनाच मधुमेह होता, हे पेठेत फारसं कुणी बोलत नाही. खासबागेचं मैदान उभारणारा हा धिप्पाड राजा 6 मे 1922 रोजी मुंबईत हृदयविकारानं गेला. वय अवघं 47. त्याच वर्षी 11 जानेवारीला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं होतं. त्या काळी मधुमेह म्हणजे लघवीतली साखर आणि काळजाचं दुखणं म्हणजे निराळीच गोष्ट, अशीच समजूत होती. दोन्हींचा सांधा मोठ्या पाहणीतून पक्का व्हायला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाचा 1948 साली सुरू झालेला अभ्यास लागला. रक्तातली जादा साखर रोहिणीचं आतलं अस्तर खराब करते, तिथं चरबी साठते, गुठळी होते आणि काळजाचं रक्त अडतं.

पेठेत मात्र एक समज घट्ट बसला: साखर वाईट, गूळ औषधी. आमचे आबा मधुमेही असूनही दिवसभर टवके चाखायचे. मला याचा आजही राग येतो, कारण गुळातही मोठा भाग साखरेचाच असतो आणि रक्तात तो तेच करतो. एका रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, धाप लागली. छातीत कळ नव्हती, म्हणून घरच्यांनी गॅस समजून सोडा दिला. सकाळी ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसला, तेव्हा निम्मं काळीज कमजोर झालं होतं. मधुमेहानं नसा बधिर होतात, त्यामुळे कळ येतेच असं नाही.

अडत्यांनो, हमालांनो, गुळव्यांनो, साखरेबरोबर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. मधुमेह्याला अचानक घाम आला, धाप लागली, तर सोडा देत बसू नका. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की जवळचा दवाखाना, त्याच तासाला ईसीजी काढा.