‘बाँबे’ या नांवाची कुळकथा

वर्गांत इतिहास शिकवितांना आम्ही कित्येक वर्षें एक गोष्ट मोठ्या आवडीनें सांगत आलों. पोर्तुगीज दर्यावर्दी आपल्या किनाऱ्यास लागले, बेटाच्या आड पसरलेलें विस्तीर्ण आणि सुरक्षित बंदर त्यांनीं पाहिलें, आणि ‘बों बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, असें त्याचें नांव ठेवलें; तोच शब्द पुढें इंग्रजांच्या तोंडीं ‘बाँबे’ झाला. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि परीक्षेंत लिहावयास सोयीची आहे. एके दिवशीं गोव्याकडील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, पोर्तुगीज भाषेंत ‘बाइया’ शब्द स्त्रीलिंगी आहे. मग ‘बोआ’ न म्हणतां त्यांनीं ‘बों’ कसें म्हटलें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मातृभाषा बोलणारा खलाशी किती का अडाणी असेना, ‘चांगला नदी’ असें तो म्हणणार नाहीं.

घरीं येऊन कपाटांतील ‘हॉब्सन-जॉब्सन’ काढला. यूल व बर्नेल यांचा हा कोश १८८६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत हाच आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे, आणि व्याकरणाप्रमाणेंच इतिहासहि या व्युत्पत्तीच्या विरुद्ध आहे, असें म्हटलें आहे. ग्रंथ वीस वर्षें आमच्या हाताशीं होता. तें पान मात्र आम्ही उघडलें नव्हतें.

खरी हकीकत अशी कीं, सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज महसुली कागदांत या बेटाचें नांव ‘म’काराने सुरू होणाऱ्या ‘मोंबाइन’ अशा रूपानेंहि सांपडतें. ‘बों’ हा मूळ शब्द असता तर हा ‘म’ आला कोठून? तो आला कोळ्यांच्या मुंबादेवीपासून. या देवीचें जुनें देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरांत होतें. तें पुढें तेथून हलवून सध्यांच्या झवेरी बाजाराच्या भागांत बांधण्यांत आलें. मुंबा आणि आई मिळून मुंबई हें आपल्याकडील परंपरागत विवरण आहे, आणि तें आम्हांस मान्य आहे. पोर्तुगीजांनीं अखेरच्या ‘ई’स आपल्या संवयीचा अनुनासिक जोडला आणि आरंभींचा ‘म’ जाऊन ‘ब’ आला, ‘बोंबाइं’ झालें. १६६१ च्या विवाहाच्या तहानें हें बेट इंग्लंडच्या राजाकडे गेलें, १६६५ मध्यें प्रत्यक्ष ताबा मिळाला, आणि १६६८ मध्यें सालीना दहा पौंड भाड्यानें तें कंपनीच्या पदरीं पडलें. नांवहि त्याबरोबर हस्तांतरित झालें. कंपनीचा डॉक्टर फ्रायर १६७० नंतरच्या वर्षांत येथें होता. त्याच्या १६९८ मध्यें छापलेल्या ग्रंथांत ‘चांगल्या उपसागरा’ची कल्पना आढळते. म्हणजे ती कथा ऐकून आलेल्या नांवाचा नंतर लावलेला अर्थ होय.

असे नंतर लावलेले अर्थ फार चिवट असतात. सुकटीच्या टोपल्यांतील बोंबलास इंग्रज ‘बाँबे डक’ म्हणत. तो शब्द ‘बाँबे डाक’ या आगगाडीवरून आला, असें सांगणारे अद्यापि भेटतात. आगगाडी सुरू झाली १८५३ मध्यें. हा शब्द त्यापूर्वींच छापील इंग्रजींत आलेला आहे. परंतु बोंबलाची गोष्ट निरुपद्रवी आहे. उपसागराची तशी नाहीं. ती खरी मानली म्हणजे गलबत येईपर्यंत या बेटास नांवच नव्हतें, असें मुलांच्या मनावर नकळत ठसतें. आणि तें ठसविण्याचें काम आम्ही स्वतः केलें आहे.

१९९५ मध्यें राज्य सरकारनें इंग्रजींतहि ‘मुंबई’ हेंच नांव ठरविलें, तेव्हां ‘शहराचें नांव बदललें’ असें सर्वत्र म्हटलें गेलें. मराठींत कांहींच बदललें नव्हतें. गोविंद नारायण माडगांवकरांचें पुस्तक १८६३ मधलें, आणि त्याचें नांव ‘मुंबईचें वर्णन’. आमचे वडील गांवीं पत्र धाडीत तेव्हां आंतल्या कागदाच्या माथ्यावर ‘मुंबई’ लिहीत आणि पाकिटाच्या मागें पाठविणाराच्या पत्त्यांत त्याच टांकानें इंग्रजी ‘बाँबे’. त्यांत त्यांस विसंगति वाटत नसे; एक नांव घरच्यांसाठीं, दुसरें टपालखात्यासाठीं.

सरकारी कागदांतून इंग्रजी रूप गेलें हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. मात्र कांहीं उत्साही मंडळी जुन्या ग्रंथांच्या भाषांतरांत व पाठ्यपुस्तकांतहि सरसकट एक शब्द खोडून दुसरा घालतात, तेथें आमचा विरोध आहे. इंग्रजींतील ‘बाँबे’ म्हणजे केवळ शहर नव्हे. गुजराथ, धारवाड आणि १९३६ पर्यंत सिंध ज्यांत मोडत, त्या इलाख्यासहि तोच शब्द होता. पुढें १९६० पर्यंत त्या नांवाचें राज्य होतें. जुन्या इंग्रजी कागदांतला ‘बाँबे’चा मनुष्य कराचीचा असूं शकतो. त्यास मुंबईकर करून टाकणें हा इतिहास नव्हे.

उरलेल्या ठिकाणीं जुना शब्द ज्याच्या त्याच्या कारणानें टिकला आहे. विद्यापीठानें १९९६ मध्यें तो सोडला. उच्च न्यायालयाचें इंग्रजी नांव संसदेच्या कायद्यावांचून बदलत नाहीं. २०१६ मध्यें तसें विधेयक लोकसभेंत आलें, पण मंजूर न होतां बारगळलें. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ मध्यें जगापुढें मांडलेला दुर्मिळ रक्तगट सर्व देशांच्या वैद्यकग्रंथांत ‘बाँबे’च आहे, आणि विमानाच्या सामानावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर अजून त्याच नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें असतात.

त्या गोव्याच्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशीं वर्गांत सर्वांसमोर सांगितलें कीं, तुझें बरोबर, आमचें चुकलें. त्यानें लगेच पुढचा प्रश्न काढला: ‘कुलाबा’ कशावरून?