बेळगाव शहराची वाढ आणि भोवतालची गावे : पाण्याच्या अंगाने एक आढावा

प्रास्ताविक

शहरांचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजवटींच्या क्रमाने शिकविला जातो. बेळगावच्या बाबतीत रट्ट, यादव, विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज असा क्रम विद्यार्थी पाठ करतात. हा क्रम आवश्यक असला तरी शहर कशावर जगले, हे त्यातून उमगत नाही. शहर जगते ते पाणी, धान्य, भाजीपाला आणि जमिनीवर. आणि या गोष्टी बहुतांशी भोवतालच्या गावांतून येतात. बेळगावच्या उत्तरेस मार्कंडेय नदीच्या परिसरातील कडोली हे असेच एक गाव. दरवर्षीच्या मराठी साहित्य संमेलनामुळे सीमाभागात ते परिचित आहे. बटाटा, ऊस व भाजीपाला पिकवून शहराच्या बाजारात पाठविणारे गाव म्हणूनही त्याची ओळख आहे. कडोलीसारख्या गावांच्या बाजूने पाहिल्यास बेळगावच्या वाढीचा इतिहास कसा दिसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किल्ला, खंदक आणि विहिरी

तेराव्या शतकाच्या प्रारंभी सौंदत्तीच्या रट्टांनी आपली राजधानी वेणुग्राम म्हणजे बेळगाव येथे आणली. किल्ल्यातील कमल बस्ती याच काळातील आहे. किल्ल्याभोवतीचा पाण्याने भरलेला खंदक हे त्याचे मुख्य संरक्षण होते. बहामनी वजीर महमूद गवान याने १४७२-७३ मध्ये किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा त्याला प्रथम या खंदकाचाच विचार करावा लागला. पुढे त्याने सुरुंग लावून तटाला भगदाड पाडले. दख्खनच्या युद्धांत बारुदीच्या सुरुंगांचा असा वापर झाल्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. त्याच सुमारास याच वजिराने बिदर येथे आपला प्रसिद्ध मदरसा उभारला होता, हे शिक्षकांना ठाऊक आहेच.

आदिलशाहीत असदखान लारी दीर्घकाळ बेळगावचा सुभेदार होता. किल्ल्यातील साफा मशीद त्याच्या काळातील. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर शहाजादा आझम याच्या नावावरून शहराला आझमनगर असे नाव मिळाले. ते शहरनाव मागे पडले तरी एका वस्तीच्या नावात ते अजून टिकून आहे.

या सर्व काळात शहराची पाण्याची गरज तळी, झरे व विहिरींतून भागत असे. येथे वार्षिक पाऊस सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पडतो व भूजल फार खोल नव्हते. त्यामुळे विजापूरप्रमाणे तोरवीहून भुयारी कालव्याने किंवा औरंगाबादप्रमाणे नहरीने पाणी आणण्याची गरज बेळगावला भासली नाही. शहर लहान होते आणि आपल्याच हद्दीतील पाण्यावर जगत होते.

छावणी, नगरपालिका आणि काँग्रेस विहीर

१८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती आला. १८३२ च्या सुमारास छावणी वसली, १८३६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८५१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. मात्र विणकरांची पेठ असलेले शेजारचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. म्हणजे एकाच वस्तीत नगरपालिका, लष्करी छावणी आणि संस्थान असे तीन कारभार चालत होते. संपूर्ण शहराचा एकत्र विचार करणारी यंत्रणा त्या काळी नव्हती. १९०१ च्या जनगणनेत छावणीसह बेळगावची लोकसंख्या ३६,८७८ होती.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडी परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. हजारो प्रतिनिधींच्या पाण्याची सोय करण्यासाठी तेथे मोठी विहीर खोदण्यात आली. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. एवढ्या मोठ्या मेळाव्यासाठी पाणी अधिवेशनाच्या जागीच, जमिनीखाली शोधले गेले, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

राकसकोप ते हिडकल

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नाचे राजकारण तापत असतानाच शहराचा विस्तारही वेगाने होत होता. उद्यमबागेत ओतकाम व यंत्रभागांचे कारखाने आले, अॅल्युमिनियमचा कारखाना आला, शिक्षणसंस्था वाढल्या. शहराच्या पश्चिमेस मार्कंडेय नदीवर राकसकोप येथे जलाशय बांधण्यात आला आणि १९६० च्या दशकापासून शहराची भिस्त त्यावर राहिली. तेही अपुरे पडू लागल्यावर हुक्केरी तालुक्यातील घटप्रभेवरील हिडकल जलाशयातून पाणी आणावे लागले. हिडकल शहरापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने हे पाणी वीज खर्चून वर चढवावे लागते.

म्हणजे ज्या शहराला विहिरी पुरत होत्या, ते अर्धशतकाच्या आत दोन नद्यांवर अवलंबून झाले. मुंबईनेही हाच मार्ग धरला होता. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा आणि पुढे भातसा असे तिचे पाणी दूर दूर सरकत गेले. आणि ज्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून ते येते, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणावे लागते. विकसनशील देशांतील मोठ्या शहरांची ही सामान्य रीत असून बेळगाव तिचा लहान नमुना आहे.

शहरातील वाटपही सम नव्हते. अनेक प्रभागांत काही दिवसांआड पाणी येत असे. जागतिक बँकेच्या कर्जातून राबविलेल्या योजनेद्वारे २००८ च्या सुमारास ५८ पैकी १० प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. त्या प्रभागांत हा प्रयोग यशस्वी ठरला. पण पलीकडच्या गल्लीत मात्र घागरी भरून ठेवणे चालूच राहिले. संपूर्ण शहरासाठीच्या पुढील टप्प्याला २०१६ मध्ये कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचा समावेश झाला. नळाखाली चोवीस तास पाणी आले तरी ते जलाशयात असावे लागते. जून २०२३ मध्ये पाऊस लांबला, तेव्हा राकसकोपची पातळी चिंताजनकरीत्या खाली गेली होती.

गावांच्या वाट्याला काय आले

राकसकोपचे पाणी शहराकडे वळते. खालच्या अंगाची कंग्राळी, अलतगा, कडोली, काकती ही गावे त्याच नदीच्या उरलेल्या प्रवाहावर शेती करतात. शहराच्या उत्तर भागातील सांडपाणी नाल्यांवाटे याच नदीकडे येते. दक्षिण व पूर्वेस बळ्ळारी नाला हेच काम करतो. बासमतीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्यात या नाल्याचे पाणी शिरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठ आणि नाल्याकाठ दोन्ही पाण्याखाली गेले. सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प हलगा येथे योजला गेला, तो पिकाऊ जमिनीवर. म्हणून शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. शहराचा कचरा तुरमुरीच्या हद्दीत जातो.

जमिनीचेही तसेच. २०११ मध्ये महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ४.८८ लाख, तर छावणी व उपनगरांसह नागरी समूहाची ६.१० लाख होती. म्हणजे सुमारे सव्वा लाख लोक महापालिकेच्या हद्दीबाहेर शहरी जीवन जगत होते. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे यांसारख्या गावांना जनगणनेने नगर म्हटले, पण त्यांचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. घरे शहरासारखी दाट आणि गटारांची व्यवस्था गावाची, अशी ही अडचणीची अवस्था आहे. शिवाय शहराभोवतीच्या रिंग रोडसाठी कडोलीसह सुमारे तीस गावांतील जमीन घेण्याची योजना पुढे आली, तेव्हा २०२२ मध्ये शेतकरी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. रस्ता शहराला हवा आहे, हे खरे. पण कडोलीच्या शेतकऱ्याला भरपाई एकदाच मिळते आणि जमिनीवरचे पीक कायमचे जाते. तोच बटाटा व भाजीपाला मग शहराला दुरून, महाग दराने आणावा लागतो.

१९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या करताना पुढील पिढ्यांच्या गरजांचा विचार मांडला. बेळगावच्या अनुभवावरून त्यात आणखी एका घटकाची भर घालावी लागते, तो म्हणजे आजच्याच पिढीतील शेजारच्या गावाच्या गरजा. शहर जे घेते त्याचा हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतो. गाव जे देते त्याचा हिशेब कोणत्याच कागदावर नसतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, मार्कंडेयेच्या खोऱ्याचे नियोजन शहर आणि गावे यांनी एकत्र बसून केले पाहिजे. नदीला महापालिकेची हद्द ठाऊक नसते. दोन, नव्या जलाशयाकडे पाहण्यापूर्वी सांडपाण्याची शुद्धी, गळती रोखणे आणि पावसाचे पाणी साठविणे हे जवळचे उपाय पूर्ण केले पाहिजेत. तीन, पिकाऊ जमीन ही रिकामी जागा नसून शहराचे कोठार आहे, ही दृष्टी नियोजनात यावयास हवी.

यात महाविद्यालयीन शिक्षकांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. १८८४ चे बेळगाव गॅझेटिअर हाती घेऊन विद्यार्थ्यांना शहरातील व खेड्यांतील जुन्या विहिरी, तळी शोधावयास पाठविता येईल. कोणती विहीर वापरात आहे, कोणती बुजली आणि कधी, याची साधी नोंदवही तयार होऊ शकेल. नळ येण्यापूर्वी दख्खनच्या शहरांत पखालीने घरोघरी पाणी पोहोचविणारा भिस्ती समाज होता. नळ आले आणि त्याचा व्यवसाय संपला. त्यांच्या वंशजांच्या आठवणी आपल्याच मोहल्ल्यांत मिळण्यासारख्या आहेत, पण त्या सांगणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे. त्याचबरोबर कडोली, अलतग्याच्या शेतकऱ्यांना नदीचे पाणी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, हे विचारून लिहून ठेवावे. रिंग रोड, जलाशय किंवा कचरा डेपो यांवर पुढे जेव्हा निर्णय होतील, तेव्हा गावाच्या बाजूने मांडण्यासाठी असा लिखित पुरावा हाताशी असणे गरजेचे आहे. तो गोळा करणे हे इतिहासाच्या शिक्षकाच्या आवाक्यातील काम आहे.