अहमदनगरचा भुईकोट किल्ला आणि निजामशाही सत्ता

बहामनी राज्याच्या विघटनातून उदयास आलेल्या निजामशाहीचा इतिहास अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्याशी निगडित आहे. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहामनी सेनेचा पराभव केला व विजयस्थळाजवळ बाग निजाम हे निवासस्थान उभारले. १४९४ मध्ये शहराची स्थापना झाली. आरंभीचा मातीचा कोट हुसेन निजामशहाने (१५५३-१५६५) दगडी चिरेबंदीत बांधून काढला. सह्याद्रीतील गिरिदुर्गांना लाभलेले नैसर्गिक संरक्षण येथे नव्हते. बावीस बुरूज, रुंद खंदक व तोफा हाच आधार होता. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरातच ओतली गेली, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

परंतु किल्ल्याची खरी कसोटी तटाबाहेर नव्हे, तर आत लागली. १५९५ मध्ये वारसाहक्काच्या वादात दरबार अनेक गटांत विभागला गेला होता. त्यांपैकी मियाँ मंजू या सरदाराने स्वतःच मोगल शाहजादा मुराद यास मदतीस पाचारण केले. मोगल आले ते वेढा घालण्यासाठीच. हुसेनशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी हिने बचावाचे नेतृत्व केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तटास भगदाड पडले असता तिने ते रातोरात बुजवून घेतले. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. हा निर्भेळ विजय नव्हता. प्रांत गमावून राजधानी राखली गेली, असेच म्हणणे उचित ठरेल.

१६०० मध्ये शाहजादा दानियालने पुन्हा वेढा दिला. वाटाघाटींकडे कललेल्या चांदबिबीची स्वकीयांनीच फितुरीच्या संशयावरून हत्या केली आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. लोकस्मृतीने मात्र तिला सोडले नाही. शहराजवळील डोंगरावरील सलाबतखानाची कबर आजही ‘चांदबिबीचा महाल’ म्हणूनच ओळखली जाते.

किल्ला पडला तरी राज्य संपले नाही. मलिक अंबरने परांडा, जुन्नर, दौलताबाद येथून ते चालविले आणि १६३६ पर्यंत निजामशाही टिकली. राजसत्तेचा प्राण तटबंदीत असतो, या समजुतीस हा काळ छेद देतो.

पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे, १७९७ मध्ये शिंद्यांकडे गेला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने तो घेतला. ब्रिटिशांनी त्याचा तुरुंग म्हणूनही उपयोग केला. १९४२ ते १९४५ या काळात येथील बंदिवासातच पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला.