फिलाडेल्फियातले लुगडे, गडचिरोलीतले पांढरे कपडे

राजुरा-चंद्रपूर पट्ट्यात नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यात हल्ली जर्मनीचे नाव वारंवार येते. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला; परिचारिकांचाही त्यात समावेश आहे. भाषेची परीक्षा, विमानाचे भाडे, व्हिसा यांची चौकशी सगळेच करतात. तिथे पोहोचल्यावर पहिल्या हिवाळ्यात काय होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. त्याचे सविस्तर लेखी उत्तर मराठीत सुमारे १४० वर्षांपासून उपलब्ध आहे. आजचा धागा त्याविषयी.

प्रथम काळ ध्यानात घ्या. १८८३ साली राजुरा निजामाच्या राज्यात होते. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरच्या बाजूला आले, की इंग्रजांचा मध्यप्रांत लागे. राज्य बदले, नाणे बदले, कचेरीची भाषा बदले. परमुलुख म्हणजे काय, हे इथल्या माणसाला नावेतून उतरताच कळत असे. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. ती आनंदीबाई जोशी. त्या परिचर्या नव्हे, वैद्यक शिकायला निघाल्या होत्या, हे खरे. परिचारिकेचे काम त्या काळी उच्चवर्णीय घरांत विटाळाचे मानले जाई; रक्त, मळ, बाळंतपण हा सुईणीचा प्रांत. त्यासाठी कोणी समुद्र ओलांडून जाईल, ही कल्पनाच अशक्य होती. म्हणून परदेशी रुग्णालयात शिकणाऱ्या मराठी मुलीचा पहिला तपशीलवार दाखला शोधायचा, तर तो डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीचाच सापडतो.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी भाषण केले. इथे गोंधळ नको: हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे सेरामपूर. एकटी का जातेस, धर्म कसा राखशील, हे शिक्षण इथेच का घेत नाहीस, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असा त्यांचा शब्द होता. पुढची तीन वर्षे या शब्दाने त्यांना बळ दिले, तसे जखडूनही ठेवले, असे मला वाटते.

जखडणे म्हणजे काय, ते बोटीवरच दिसते. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, त्यांचे धर्मोपदेश चालू होते आणि ताटात खाण्याजोगे असे फार थोडे होते. आनंदीबाईंचा प्रवास मुख्यतः बटाट्यांवर पार पडला. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी मात्र त्यांना माहेर मिळाले. या बाईंची ओळख झाली तीही विलक्षण रीतीने. दंतवैद्याकडे नंबराची वाट पाहत असता त्यांच्या हाती एक मिशनरी मासिक आले, त्यात गोपाळराव जोशी यांचे पत्र छापलेले होते, आणि त्यावरून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. परक्या देशात एक घर आपले होणे म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको.

खरी कसोटी फिलाडेल्फियात लागली. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना सहानुभूतीने प्रवेश दिला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली. पण राहण्याची खोली थंड, शेगडी धूर ओकणारी. शाकाहार सांभाळायचा तर स्वयंपाक स्वतःच करायचा, तोही दिवसभराच्या व्याख्यानांनंतर आणि शवविच्छेदनानंतर. पहिल्याच काळात घटसर्पाने त्यांना गाठले.

आणि मग लुगड्याचा प्रश्न. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणच्या हवेत त्याचे काही वाटत नाही. पेनसिल्वेनियाच्या बर्फात ते असह्य होते. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा निर्णय घेतला. आज हे वाचताना हसू येईल, परंतु त्यांना तो पत्राने नवऱ्याला कळवावा लागला आणि बोचरी उत्तरे सोसावी लागली. ज्या गोपाळरावांनी हट्टाने शिकवले, त्यांनाच बायकोच्या बदलत्या वेषाचे भय वाटू लागले. तिकडच्या लोकांना त्या पुरेशा बदलत नव्हत्या, इकडच्यांना फार बदलल्या होत्या. सांस्कृतिक धक्का म्हणतात तो परमुलखाकडून येतो, तसाच घरून आलेल्या टपालातूनही येतो. आणि माझ्या मते दुसरा अधिक लागतो.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची नेमणूक ठरली होती. पण आनंदीबाई परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

परिचर्येवरचा विटाळाचा शिक्का पुसायला पुढे बराच काळ लागला. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने विधवांना आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. घरापासून कोसभरावरचे ते रुग्णालयही त्यांच्यासाठी परदेशच होते.

आता आपल्या जंगलाकडे या. आनंदीबाईंनंतर शंभर वर्षांनी, १९८४ साली, चंद्रपूरच्या कन्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. रुग्णालयात का येत नाही, असे गोंड लोकांना विचारल्यावर त्यांनी नेमकी कारणे सांगितली. इमारत मोठी, आत वाट चुकते. भाषा कळत नाही. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो.

फिलाडेल्फियाच्या वसतिगृहात एका मराठी मुलीला जे सोसावे लागले, तेच गडचिरोलीच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात सोसावे लागत होते. मग शोधग्राममधला दवाखाना आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांच्या रूपात बांधला गेला. सोबतच्या माणसांना तिथे राहता येते. गोंडांच्याच मागणीवरून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले.

लंडनला शिकलेल्या डॉ. रखमाबाईंवर (१८८९ ते १८९४) स्वतंत्र धागा येईल.