फॉर्ममधला रिकामा चौकोन

पायलट भरतीवर एक भाग करा, असे बरेच मेसेज येत होते. परीक्षा कशी असते, पगार किती, सिनिऑरिटी म्हणजे नक्की काय. म्हटलं करू, पण आपल्या पद्धतीने, म्हणजे इतिहासातून. त्यामुळे आज आपण जाणार आहोत १९५७ सालच्या अमेरिकेत, डेन्व्हर शहरात. तिथे एका विमान कंपनीच्या मुख्य ऑफिसात एक फॉर्म आलाय. फॉर्म पूर्ण भरलेला आहे. फक्त दोन गोष्टी नाहीत. वंश विचारणारा चौकोन रिकामा आहे, आणि जिथे फोटो हवा तिथे फोटो नाही.

फॉर्म भरणाऱ्याचं नाव मार्लन ग्रीन. वय २८. कंपनी कॉन्टिनेंटल एअरलाइन्स.

आता हा मार्लन कोण? जन्म १९२९ चा, आर्कान्सा राज्यातल्या एल डोराडो गावचा. म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, जिथे बसमध्ये कुठे बसायचं आणि नळाचं पाणी कुठे प्यायचं हे कातडीच्या रंगावर ठरायचं. मार्लन कृष्णवर्णीय होता. पण त्याच्या नशिबाने एक दार नुकतंच उघडलं होतं. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. मार्लन हवाई दलात गेला, पायलट झाला. आधी बॉम्बर विमान, मग जपानमध्ये बचाव पथकात अल्बट्रॉस नावाचं दोन इंजिनांचं विमान. हे पाण्यावरही उतरू शकायचं. समुद्रात कोणी अडकलं की हे निघणार. डेन्व्हरला फॉर्म पाठवला तेव्हा त्याच्या लॉगबुकात अनेक इंजिनांच्या विमानांवरचे तीन हजारांहून जास्त तास होते.

तीन हजार तास म्हणजे किती, ते जरा समजून घेऊ. आज आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. आता तुलना तुम्हीच करा.

त्या काळातल्या अमेरिकन विमान कंपन्यांना असेच लोक हवे असायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई दल म्हणजे त्यांच्यासाठी पायलटांची तयार शाळाच झाली होती. ट्रेनिंगचा खर्च सरकारचा, आयता माणूस कंपनीचा! आणि नुसता माणूस नाही, निवडीची पद्धतसुद्धा तिथूनच आली. युद्धात हजारो पोरांमधून पायलट कोण होईल आणि ट्रेनिंगमध्ये कोण गळेल हे आधीच ओळखायचं होतं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी चाचण्यांची एक मालिका बसवली. काही लेखी, काही यंत्रावरच्या. हातात दांडा, पायाखाली पेडल, समोर दिवे, आणि हात-पाय-डोळे एकत्र कसे चालतात ते बघायचं. या सगळ्याचा मिळून एक ते नऊ असा एक आकडा यायचा. त्याला नाव होतं स्टॅनाइन. युद्ध संपल्यावर काही विमान कंपन्यांनी हीच कल्पना उचलली. आज सायकोमेट्रिक टेस्टच्या नावाने तुम्हाला जे स्क्रीनवर करायला लावतात ना, त्याचं हे खापरपणजोबा म्हणा हवं तर.

या सगळ्यामागचा विचार काय? तर साहेबाला कोण आवडलं, कोण कोणाचा भाचा, हे बाजूला ठेवून माणसाचं कौशल्य मोजायचं. कागदावर विचार चांगलाच आहे. मार्लनच्या बाबतीतही तो अगदी शेवटच्या पायरीपर्यंत नीट चालला.

कंपनीने त्याला डेन्व्हरला बोलावलं. बोलावणारच. तास बघितले, अनुभव बघितला, रंग दिसलाच नव्हता. तो ऑफिसात येऊन उभा राहिला तेव्हा दिसला. तरी त्याची परीक्षा घेतली हं, ते मान्य करायला हवं. विमान उडवून दाखवायची चाचणी झाली आणि तो पास झाला. अंतिम यादीत आला. मग कंपनीच्या ट्रेनिंग स्कूलची तुकडी भरली, त्यात गोरे उमेदवार होते, त्यातले काही मार्लनपेक्षा कितीतरी कमी तासांचे. मार्लन नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तोपर्यंत अमेरिकेत कृष्णवर्णीय पायलट अगदी नव्हतेच असं नाही. १९५५ मध्ये ऑगस्ट मार्टिन यांना एका मालवाहू कंपनीने घेतलं होतं. १९५७ च्या सुरुवातीला पेरी यंग न्यूयॉर्कमध्ये प्रवासी हेलिकॉप्टर चालवायला लागले होते. पण मोठी प्रवासी विमान कंपनी? तिथे एकही नाही. त्या काळी कारणं दिली जायची ती अशी: प्रवासी घाबरतील, रात्रीच्या मुक्कामाला दक्षिणेतली हॉटेलं खोली देणार नाहीत, बाकीचे पायलट कुरकुर करतील. म्हणजे आमच्या मनात काही नाही हो, पण लोक काय म्हणतील! हे वाक्य आपल्याला अनोळखी नाही.

आता मार्लनचं घर बघा. बायको एलेनॉर, गोरी. १९५१ मध्ये लग्न झालेलं, आणि अशा लग्नाला तेव्हा सगळ्या दक्षिणेत कायद्याने बंदी. घरात पोरं. हवाई दलाची पक्की नोकरी सोडलेली. हा माणूस मिळतील ती छोटीमोठी कामं करत राहिला. आणि त्याने कोलोरॅडो राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार टाकली.

आयोगाने चौकशी केली, समेटाचा प्रयत्न केला, तो फसला, मग सविस्तर सुनावण्या घेतल्या. निष्कर्ष काढला की मार्लनला ट्रेनिंग स्कूलमध्ये न घेण्याचं एकमेव कारण त्याचा वंश हेच होतं. कंपनीला आदेश दिला: हा प्रकार बंद करा आणि पुढच्या तुकडीत पहिली संधी याला द्या.

झालं? छे. कंपनी कोर्टात गेली. आणि इथून पुढे गोष्ट माझ्यासाठी जास्त इंटरेस्टिंग होते, कारण कंपनीच्या युक्तिवादात ‘आम्ही भेदभाव केला नाही’ यापेक्षा ‘केला असला तरी विचारायचा अधिकार तुम्हाला नाही’ यावर जोर होता.

तर्क असा होता. आमची विमानं अनेक राज्यांमधून उडतात. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राज्या-राज्यांमधला व्यापार हा केंद्राचा, म्हणजे काँग्रेसचा विषय. एकट्या कोलोरॅडोने आम्हाला नियम लावले, उद्या शेजारचं राज्य वेगळे लावणार, मग आम्ही विमानं चालवायची कशी? ऐकायला पटतं की नाही? आणि यामागे जुना निकालही होता. १८७८ चा. लुइझियाना राज्यात जोसेफीन डेक्यूर नावाच्या कृष्णवर्णीय बाईंना मिसिसिपी नदीवरच्या बोटीत गोऱ्यांच्या केबिनमध्ये जागा नाकारली. राज्याचा कायदा बाईंच्या बाजूने होता. सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. का, तर बोट अनेक राज्यांतून जाते, दर राज्यात प्रवाशांना उठवून वेगळं बसवायचं का?

गंमत पुढे आहे. १९४६ मध्ये हाच तर्क उलट्या बाजूने वापरला गेला. आयरीन मॉर्गन नावाची बाई व्हर्जिनियातून बाल्टिमोरला बसने जात होती, तिने सीट सोडायला नकार दिला. व्हर्जिनियाचा कायदा वेगळं बसवण्याची सक्ती करणारा होता. कोर्ट म्हणालं, राज्या-राज्यांत फिरणाऱ्या बसवर अशी सक्ती चालणार नाही. कृष्णवर्णीयांनी जिंकलेली लढाई ती. आणि कॉन्टिनेंटल तोच निकाल हातात घेऊन उभी, एका कृष्णवर्णीय माणसाला बाहेर ठेवण्यासाठी. वकील लोकांचं डोकं, खरंच.

कोलोरॅडोच्या कोर्टाने कंपनीचं ऐकलं. १९६२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. मार्लनच्या बाजूने डेन्व्हरचे वकील टी. रेबर टेलर लढत होते. ते हटले नाहीत. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं.

२२ एप्रिल १९६३. तो महिना आठवा. याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, निकालाच्या दोनच दिवस आधी सुटले. सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला आणि तो लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. हे ब्लॅक अलाबामाचे, आणि तरुणपणी काही काळ कू क्लक्स क्लॅनचे सदस्य राहिलेले! माणूस कुठून कुठे येतो बघा.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. प्रवासी राज्यांच्या सीमा ओलांडतो, नोकरी देण्याचा निर्णय ओलांडत नाही. मार्लनने अर्ज दिला डेन्व्हरमध्ये, तो तपासला डेन्व्हरमध्ये, नाकारला डेन्व्हरमध्ये. दर सीमेवर कोणाला उठवून बसवायचा प्रश्नच येत नाही. आणि शेजारचं राज्य उलटा नियम करेल ही भीती? १८७८ मध्ये ती असेल. पण १९५४ च्या ब्राउन खटल्यापासून आणि त्यानंतरच्या निकालांपासून कुठलंच राज्य वंशावरून भेदभाव करायची सक्ती करू शकत नाही. मग दोन राज्यांचे नियम एकमेकांना धडकणार तरी कसे? केंद्राच्या कायद्यांमुळे राज्याला हात बांधून बसावं लागतं हा मुद्दाही त्यांनी फेटाळला.

आता तुम्ही म्हणाल, जिंकला ना, मग बस. इथे मला पगाराबद्दल थोडं बोलायचंय, कारण त्याशिवाय या सहा वर्षांची किंमत कळत नाही.

अमेरिकेत १९३४ मध्ये कामगार मंडळाच्या एका निर्णयाने पायलटच्या पगाराचा साचा ठरला. त्याला ‘डिसिजन ८३’ म्हणतात. महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण. पगाराचे दोन भाग: एक मूळ पगार, जो नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढतो, आणि दुसरा तासांवर, तोही विमानाचा वेग किती, उड्डाण दिवसाचं की रात्रीचं यावर. पुढे विमानाचं वजनही त्यात आलं. म्हणजे मोठं, वेगवान विमान मिळालं की पैसे जास्त. आणि मोठं विमान कोणाला मिळणार? ज्याचा सिनिऑरिटी नंबर वरचा त्याला. हा नंबर ठरतो कंपनीत कोणत्या तारखेला घेतलं त्यावरून. बस्स. तुम्ही किती हुशार, हवाई दलात किती तास उडवलं, याला तिथे काही किंमत नाही. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, कोणत्या शहरात राहणार, दिवाळीला (त्यांच्याकडे ख्रिसमसला) सुट्टी मिळणार का, सगळं त्या एका नंबरावर. एका कंपनीतून दुसरीत गेलात तर पुन्हा शेवटून सुरुवात. अमेरिकेत आजही हे असंच चालतं.

आणि दुसऱ्या टोकाला वयाची भिंत. १९६० पासून तिथे नियम आला की प्रवासी विमानाचा पायलट साठीला थांबणार. (हा नियम २००७ मध्ये ६५ पर्यंत गेला.) म्हणजे या धंद्यात एकेक वर्ष दोन्ही बाजूंनी जातं. मार्लन खटला लढत होता तेव्हा त्याच्या तुकडीत निवडले गेलेले लोक यादीत वर सरकत होते. प्रोपेलरची विमानं जाऊन जेट आली. कॉन्टिनेंटलने १९५९ मध्ये बोइंग ७०७ उडवायला सुरुवात केली. आणि लॉगबुकात तीन हजार तास असलेला माणूस कोर्टाच्या तारखा मोजत होता.

निकालानंतरही तो लगेच कॉकपिटमध्ये पोहोचला नाही. कॉन्टिनेंटलमध्ये त्याची नोकरी सुरू झाली १९६५ मध्ये. वय ३५. त्याच्या आधीच, १९६४ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने डेव्हिड हॅरिस यांना घेतलं होतं. हवाई दलात बी-५२ उडवलेले. हॅरिस दिसायला इतके उजळ की समोरच्याला कळलंही नसतं. तरी मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की मी कृष्णवर्णीय आहे, नंतर गोंधळ नको. समोरून उत्तर आलं ते साधारण असं, की तुमचा रंग कुठलाही असो, विमान उडवता येतं का तेवढं सांगा. मोठ्या प्रवासी कंपनीतले पहिले कृष्णवर्णीय पायलट म्हणून नाव हॅरिस यांचं लागलं. ज्याच्या खटल्याने ती मुलाखत तशी होऊ शकली, तो त्या वेळी अजून बाहेरच होता.

मार्लन ग्रीन कॉन्टिनेंटलमध्ये १९७८ पर्यंत उडला. २००९ च्या जुलैमध्ये, ८० व्या वर्षी गेला. २०१० मध्ये कंपनीने आपल्या एका बोइंग ७३७ ला त्याचं नाव दिलं. त्याच वर्षी कॉन्टिनेंटल युनायटेडमध्ये विलीन झाली आणि पुढे ते नावच आकाशातून गेलं.

पुढच्या भागात याच कॉकपिटच्या दारापाशी आणखी एक व्यक्ती उभी आहे. हेलन रिची, १९३४, सेंट्रल एअरलाइन्स. नोकरी मिळाली, पण पायलटांच्या युनियनने सदस्यत्व दिलं नाही. तोपर्यंत भेटूच.