एक निवेदन, पांच दारें

ब्रिटनमधील विद्यापीठांत पहिल्या पदवीसाठीं प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःविषयीं एकच निवेदन लिहितां येतें, आणि त्यानें निवडलेल्या पांचही ठिकाणीं तें जसेंच्या तसें जातें. ज्याचें मन एका विषयावर बसलें आहे त्यास यांत अडचण नाहीं. परंतु ज्यास इतिहासही हवा आणि अर्थशास्त्रही हवें, त्यानें काय करावें? हा नियम कोणा आचार्यानें विद्येचा विचार करून घातलेला नव्हे. तो कचेरीच्या सोयींतून जन्मास आला, हें त्याच्या इतिहासावरून दिसून येतें.

पूर्वीं प्रत्येक संस्थेशीं स्वतंत्र बोलणें करावें लागे. १९१६ सालीं डॉ. आंबेडकर लंडनास आले तेव्हां अर्थशास्त्रासाठीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें व बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इनमध्यें त्यांनीं नांव घातलें. दोन विद्या, दोन दारें. एका दाराशीं दुसऱ्याची गोष्ट काढण्याचें कारण नव्हतें. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी वाढले. एकच मुलगा अनेक ठिकाणीं अर्ज करी, आणि तो खरोखर कोठें येणार हें कोणासही कळत नसे. त्यासाठीं जागा राखावी तर ती रिकामी राहण्याचें भय. म्हणून १९६१ सालीं विद्यापीठांनीं मिळून एक मध्यवर्ती प्रवेश-परिषद स्थापिली. तिला आद्याक्षरांवरून ‘युक्का’ म्हणत. पुढें पॉलिटेक्निकांसाठीं निराळी यंत्रणा निघाली. १९९२ च्या कायद्यानें पॉलिटेक्निकांस विद्यापीठ म्हणवून घेण्याची मुभा मिळाली, आणि लवकरच दोन्ही यंत्रणा एक होऊन आजची ‘यूकॅस’ उभी राहिली.

एका अर्जास एक निवेदन ही व्यवस्था तेथें फारशी खटकली नाहीं, याचें कारण तेथील शालेय शिक्षणांत आहे. १९५१ सालीं सुरू झालेल्या ए-लेव्हल परीक्षेसाठीं इंग्लंडांतील मुलें सोळाव्या वर्षाच्या सुमारास तीन-चार विषय निवडून बाकीचे सोडून देतात. सी. पी. स्नो यांनीं १९५९ सालीं केंब्रिज येथील व्याख्यानांत विज्ञान व वाङ्मय यांमधील ज्या दरीबद्दल खेद केला, ती शाळेंतच खणली जाते. विद्यार्थी एकाच विषयाचा, हें अर्जानें आधींच गृहीत धरलें आहे.

निवेदनाची मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची. विद्यार्थ्यानें आणखी कोठें व कशासाठीं अर्ज केला, हें निवड करणाऱ्या विद्यापीठास दिसत नाहीं. त्यामुळें इतिहासाचा प्राध्यापक अर्थशास्त्राची स्तुति वाचतो तेव्हां त्यास ती बुद्धीची व्यापकता न वाटतां चंचलता वाटण्याचा संभव असतो. वैद्यकाच्या उमेदवारास पांचांपैकीं चारच ठिकाणीं वैद्यक मागतां येतें. पांचवें ठिकाण भरावयाचें तर दुसऱ्या विषयाचें, आणि तेथेंही वैद्यकासाठीं लिहिलेलें निवेदनच जातें. आपली विद्या या मुलास दुय्यम आहे, हें तेथील वाचकास पहिल्याच ओळींत कळतें.

अशा भीतीचें फळ अनुकरण. २००७ सालीं सुमारें ५०,००० निवेदनें तपासलीं, तेव्हां लहानपणीं रसायनाचा खेळ करतांना पायजम्यास भोकें पडल्याची हकीकत २३४ जणांनीं लिहिल्याचें आढळलें! स्वतःविषयीं लिहावयाचें तेंही मुलांनीं दुसऱ्याचें उचललें.

२०२६ सालच्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजीं तीन प्रश्न आले: हा विषय कां हवा, अभ्यासानें काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलें. मर्यादा तीच राहिली, उत्तरेंही सर्व ठिकाणीं तींच जातात. आणि पहिला प्रश्न अजून एकवचनींच आहे.

मग दोन विषयांच्या विद्यार्थ्यास मार्ग कोणता? विषयांचीं नांवें बाजूस ठेवून, आपणांस त्यांकडे नेणारा प्रश्न त्यानें शोधावा. दुष्काळ कां पडतात आणि त्यांत कोण मरतें, हें ज्यास जाणावयाचें आहे त्यास इतिहास व अर्थशास्त्र दोन्ही लागतात. त्याचें निवेदन दोघांही वाचकांस प्रामाणिक वाटेल. परंतु इतिहास व पदार्थविज्ञान यांस जोडणारा प्रश्न मनांत नसेल, तर तो कागदावर रचूं नये; तेथें एकाची निवड करणेंच बरें. सतराव्या वर्षीं मन अनेक वाटांनीं धांवतें, हा दोष नव्हे. विद्यापीठांनीं आपली सोय पाहिली यांतही गैर नाहीं. त्या सोयीच्या नियमानें मुलाच्या बुद्धीचें माप घेणें, हें मात्र गैर होय.