ग्लासगोची मांजरं

मांजर मारणं हे आमच्या आजीच्या लेखी सर्वांत मोठं पाप होतं. चुकून हातून मारलं गेलंच, तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं ती सांगायची. सोन्याचं मांजर कुणाला परवडणार? तेव्हा मांजराच्या वाटेला न जाणंच बरं, असा तो साधा हिशेब. आजीचे हे शब्द मला अचानक आठवले ते काही वर्षांपूर्वी, जनावरांच्या दवाखान्यात. आमचा गुंड्या बोका टेबलावर बसला होता. पायातून काढलेल्या रक्ताचे थेंब एका छोट्या पट्टीवर टाकले होते. दहा मिनिटं थांबायचं होतं. पट्टीवर नको ती खूण उमटली आणि डॉक्टर मुलगी म्हणाली, "काका, ल्युकेमियाचा विषाणू आहे. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासू. पण घरी दुसरं मांजर आहे ना तुमच्याकडे?"

होतं. भागी नावाची भाटी. दोघं एका ताटलीत जेवायची आणि दुपारभर एकमेकांना चाटत पडायची.

रक्ताचा कर्करोग आणि तो 'लागतो' कसा, हे माझ्या डोक्यात बसेना. माणसात आपण असं कधी ऐकलेलं नाही. म्हणून वाचायला लागलो आणि पोचलो थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला.

गोष्ट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. ग्लासगोतल्या एका पशुवैद्याच्या लक्षात आलं, की एकाच घरातली मांजरं लिम्फोसार्कोमा या कर्करोगाने एकामागून एक जात आहेत. एक गेलं तर नशीब म्हणायचं. पण ओळीने जायला लागली तर? त्याने ही गोष्ट तिथल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागातल्या विल्यम जॅरेट यांच्या कानावर घातली. जॅरेट तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे होते. गुरांच्या फुप्फुसात होणाऱ्या जंतांवरची लस तयार करणाऱ्या गटात त्यांनी आधी काम केलेलं होतं. कर्करोग आणि विषाणू यांचं नातं तोवर मुख्यतः कोंबड्या-उंदरांसारख्या प्राण्यांत माहीत होतं. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बँग यांनी कोंबड्यांचा ल्युकेमिया एकीतून दुसरीत नेऊन दाखवला होता. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठींबद्दल तेच दाखवलं. या कामाचं महत्त्व जगाला पटायला इतका वेळ लागला, की राऊस यांना नोबेल मिळालं ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी! १९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी उंदरांच्या ल्युकेमियाचा विषाणू दाखवला. पण ते प्रयोगशाळेतले, पिढ्यानपिढ्या आपसात वाढवलेले उंदीर. मांजर मात्र माणसाच्या उशाशी झोपणारं.

जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मांजराच्या गाठीतला अंश पिल्लांना टोचला. पिल्लांना तोच आजार झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडेवर बारीक गोल कण दिसले. १९६४ साली हे 'नेचर' नियतकालिकात छापून आलं. ज्या घरातली मांजरं गेली, त्या घरच्या माणसांची नावं विज्ञानाच्या इतिहासात नाहीत. पण त्यांनी आपली मांजरं दवाखान्यात नेली नसती, तर त्या पशुवैद्याला ती ओळ दिसलीच नसती, असं मला राहून राहून वाटतं.

यापुढचा भाग जरा कठीण आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम हार्डी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेवरच्या रक्तात हा विषाणू ओळखण्याची चाचणी वापरून सिद्ध केलं, की हा रोग मांजराकडून मांजराकडे घरातल्या घरात पसरतो. लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एकाच भांड्यात खाण्यातून, चावण्यातून आणि आईकडून पिल्लाला. चाचणी आली तसा उपायही आला. घरातली सगळी मांजरं तपासायची, ज्यांच्यात विषाणू सापडेल ती बाजूला काढायची, घर धुऊन घ्यायचं, उरलेल्यांना पुन्हा तपासायचं. उपाय लागू पडला, यात शंका नाही. पण 'बाजूला काढणं' याचा अर्थ पुष्कळदा इंजेक्शन देऊन संपवणं असाच होता. त्यात वरून ठणठणीत दिसणारी मांजरंही गेली. शिवाय हा विषाणू माणसाला झाला तर, ही भीती होतीच. मांजर पाळणाऱ्या घरांचा पुढे पुष्कळ अभ्यास झाला आणि माणसाला याची बाधा होते असा पुरावा मिळाला नाही. तोवर भीतीने आपलं काम केलेलं होतं.

त्या चाचणीने एक गोष्ट लगेच सांगितली नव्हती. विषाणू शिरलेलं प्रत्येक मांजर मरत नाही. काहींचं शरीर तो पार परतवून लावतं. काहींच्या रक्तातून तो काही आठवड्यांनी नाहीसा होतो आणि पेशींच्या आत निपचित पडून राहतो. ज्यांच्या रक्तात तो ठाण मांडतो, त्यातली बहुतेक तीनेक वर्षांत जातात. लहान पिल्लांना धोका सर्वांत जास्त. म्हणून एकाच चाचणीवर निकाल द्यायचा नाही, आणि केवळ चाचणीवरून मांजराला मारायचं तर नाहीच, असं अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांची संघटना आता आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगते.

यातली बरीच मांजरं ल्युकेमियाने जातच नाहीत. विषाणू त्यांची प्रतिकारशक्ती पोखरतो आणि एरवी किरकोळ ठरणारे आजार त्यांना नेतात. हे वाचताना तुम्हाला दुसरा एखादा रोग आठवला का? १९८१ साली अमेरिकेत काही तरुण अशाच विचित्र आजारांनी दगावू लागले, तेव्हा डोनाल्ड फ्रान्सिस या डॉक्टरांनाही तो सारखेपणा जाणवला. हार्वर्डमध्ये मॅक्स एसेक्स यांच्या हाताखाली त्यांनी मांजरांच्या याच विषाणूवर काम केलेलं होतं. अशाच जातीचा विषाणू असेल, असं ते सुरुवातीपासून म्हणत होते. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो सापडला. तोच एचआयव्ही. एड्सवर आजही लस नाही. मांजरांच्या ल्युकेमियावरची लस मात्र अमेरिकेत १९८५ सालीच बाजारात आली. आपल्याकडे मांजरांना सर्रास देतात ती तिहेरी लस यावरची नव्हे, हे मलाही गुंड्यामुळेच कळलं.

आणखी एक धागा सांगायचा मोह आवरत नाही. हा विषाणू कधीकधी मांजराच्याच पेशीतलं एखादं जनुक उचलतो आणि त्यातून गाठी करणारा नवा विषाणू तयार होतो. अशाच एका विषाणूत १९८६ साली 'किट' हे जनुक सापडलं. पोटातल्या एका प्रकारच्या गाठींमागे हेच जनुक बिघडलेलं असतं, हे पुढे जपानी संशोधकांनी दाखवलं. त्यावर चालणारं औषध म्हणजे इमॅटिनिब. याच औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गाजला होता आणि १ एप्रिल २०१३ रोजी तो कंपनीच्या विरोधात गेला होता.

गुंड्याची दुसरी चाचणीही तशीच आली. भागीची सुदैवाने नाही. तिला बाहेरची खोली दिली, त्याला मागची. बशा वेगळ्या, वाळूची पाटी वेगळी. विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, साबणाने जातो, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे एवढंच. गुंड्याचं बाहेर हुंदडणं बंद केलं, कच्चं मासळीचं डोकं बंद केलं, शिंक आली तरी दवाखाना गाठायचा असं ठरवलं. हिरड्या पांढऱ्या दिसतात का, हे रोज सकाळी चहाआधी बघायचं. पहिल्या महिन्यात तो दाराशी बसून ओरडायचा, आणि पलीकडून भागी.

तो तीन वर्षं आणि चार महिने जगला. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर चांगला जगला, भांडला, दोनदा पडदा फाडला. त्या पंधरा दिवसांनंतर एका सकाळी मीच डॉक्टर मुलीला फोन केला आणि ती घरी आली. ती गेल्यावर मी मधलं दार उघडलं. भागी आत आली, त्याची बशी हुंगली आणि खिडकीत, त्याच्या जागेवर जाऊन बसली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)